दोनदा आलेला आकडा

२ मे

पुन्हा स्क्रीनवर लाल अक्षरं! सकाळपासून हेच चाललंय. म्हणे या नावाची वस्तूच सापडली नाही. अरे मेल्या, डोळ्यांसमोर तर आहे! मीच फाइल उघडली, मीच तिला नाव दिलं, आणि हा मलाच विचारतो ही कोण.

शेवटी कळलं. वर नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल काढलं होतं, खाली स्मॉल. एवढ्यावरून रुसायचं! ‘आर’ म्हणतात या प्रोग्रामिंगच्या भाषेला. संख्याशास्त्रासाठी सगळ्यात सोपी म्हणे. ज्यांना सोपी वाटली त्यांना एकदा पोलादपूरला आणून माझ्या खुर्चीवर बसवा.

हर्षद सर पुण्याहून फोनवर — "अम्बरीन, तू स्टॅटिस्टिक्सची पदवीधर ना?" आहे ना! पण महाडच्या कॉलेजात सगळं वहीवर आणि कॅल्क्युलेटरवर केलं. कॉम्प्युटरला कसं सांगायचं ते कोणी शिकवलं? दरडींचा इशारा देणाऱ्या त्यांच्या संस्थेने सहा महिन्यांच्या करारावर घेतलंय, ते टिकवायचं असेल तर तोंड मिटून शिकावं लागणार. तोंड मिटणं जास्त कठीण आहे.

४ मे

तासभर स्क्रीनवर नुसतं अधिकचं चिन्ह. काहीही टाइप करा, खाली आणखी एक अधिक. मला वाटलं बिघडलं. एक कंस बंद करायचा राहिला होता! बाईसाहेब वाक्य कधी पुरं करतात याची वाट बघत बसलं होतं बिचारं.

रडले थोडी. खालच्या टपरीवरून चहा मागवला.

७ मे

आज कुडपणला जाऊन आले. ज्याचे आकडे माझ्या फाइलीत आहेत तो माणूस एकदा तरी बघावा म्हणून. महिपतीकाका. खालच्या वाडीत राहतात, वर सरळ उभा डोंगर. अंगणात संस्थेने दिलेलं मापाचं भांडं — वर फनेल, आत बाटली, बाटलीवर दोनशे मिलिमीटरपर्यंत खुणा. पावसाळ्यात रोज सकाळी मोजायचं आणि आकडा व्हॉट्सॲपवर पाठवायचा. रेंज घरात नाही. वर खडकावर चढून फोन हवेत धरायचा.

"कदी जातंच नाय, आन कदी एकच मेसेज दोन-दोन येळा जातो," काका म्हणाले. फोनवरच चिडले होते.

त्यांच्या पत्नी बनुबाईंनी कोरा चहा दिला, वर तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी मुसलमान म्हणून आधी जरा बिचकल्या, मग विचारलं, "चालंल ना गो तुला?" अहो, चालेल काय, आमच्या घरी रोज हेच! मग खूप हसल्या. निघताना म्हणाल्या, "आमचा आकडा नीट लिव हां. त्याच्यावरच आमाला शाळंत न्यायचं का नाय ते ठरतंय म्हनं."

त्याच्यावरच ठरतंय. तीन दिवसांचा पाऊस मिळून पाचशेच्या वर गेला की गाव लाल. लाल झालं की दरडीखालची घरं रिकामी करून माणसं वरच्या शाळेत. आजवर सर हे कागदावर अंदाजाने करायचे, या पावसाळ्यापासून माझा प्रोग्राम करणार. 

९ मे

आता सरासरी काढत नाही म्हणतोय! कारण? काकांनी आकडे मराठीत लिहिलेत. १, २, ३. आपण वाचतो ते आकडे, त्याला ती नुसती चित्रं. सगळे बदलून घेतले. जमलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "बेसिक आहे हे." बेसिक तर बेसिक, मला जमलं ना!

१२ मे

आज मी खूश आहे. कुडपणच्या फाइलीत कितीतरी तारखा दोन-दोनदा होत्या. काकांच्या रेंजची कृपा. एक ओळ लिहिली फक्त — एका तारखेचा पहिला मेसेज ठेव, बाकीचे उडव. एंटर. सगळं कसं स्वच्छ! एक तारीख, एक आकडा.

सर — "व्हेरी क्लीन, अम्बरीन." पहिल्यांदा कौतुक केलं माणसाने.

१६ मे

गेल्या पावसाळ्याचे आकडे प्रोग्राममधून काढले. कापडे गाव अनेकदा लाल. कुडपण एकदाही नाही.

सरांनी लगेच ठरवलं. इशाऱ्याचा एकच भोंगा आलाय, तो कापड्याला बसवायचा. आणि कुडपणची खालची वाडी हलवायच्या यादीतून काढायची. तीस तारखेला तहसीलमध्ये सभा, तिथे हेच मांडायचं. "आकडेच सांगतायत," म्हणाले. अहवालावर त्यांच्या नावाखाली माझं नाव!

अब्बांना फोटो दाखवला. त्यांनी टेम्पोच्या सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवला असणार.

२१ मे

घोटाळा झालाय.

सभेसाठी प्रत्येक गावाचा आलेख काढत होते. बाकीच्या गावांचे सुळके वर-खाली, कसेही. कुडपणचा मात्र दोनशेला येऊन कापल्यासारखा सपाट. वर एक टिंबही नाही! डोंगरातलं गाव, पलीकडे आंबेनळी घाटात तीनशे-साडेतीनशे पडतो त्या दिवशीही इथे एकशे नव्वद. पाऊस काय बाटलीला विचारून पडतो?

बाटलीला. हो, बाटलीलाच.

मूळ फाइल उघडली, माझी ती लाडकी ओळ चालवण्याआधीची. जोडीने आलेले मेसेज एकेक करून बघितले. काही खरंच तेच ते — तोच आकडा, त्याच मिनिटाला. पण बाकीचे? एक दुपारी, एक दुसऱ्या दिवशी सकाळी. आकडे वेगळे. दुपारी १९५, सकाळी १४०. दोन्हींवर तारीख एकच!

लगेच फोन केला. आज लागला. "काका, एका दिवसाचे दोन आकडे कसे?"

"आता बाटली भरली का ओतायची नाय व्हय? भरंल तवा लिवायचा, ओतायची, परत लावायची. सकाळच्याला राहील त्यो परत लिवायचा. आन तू काय करतेस, बेरीज करतेस ना?"

मी ते तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

"कदी मीच बेरीज करून धाडतो. कदी नाय. डोस्क्यात येईल तसं," असंही म्हणाले. या अल्लाह! म्हणजे सरळ बेरीज करूनही चालणार नाही.

जिथे जिथे बाटली भरली, तिथे तिथे मी तो दुसरा आकडा पुसलाय. वर्षातला सगळ्यात वाईट पाऊस नेमका शोधून शोधून पुसलाय. आणि त्याला स्वच्छ म्हणून नाचले.

२२ मे

बेरजेचा गुंता सुटला. बाटलीत दोनशेच्या वर मावतच नाही. म्हणजे सकाळचा दुसरा आकडा दोनशेच्या वर असला तर ती काकांनी आधीच केलेली बेरीज, तोच धरायचा. बाकी जोड्या मी जोडायच्या. नव्याने चालवलं.

गेल्या पावसाळ्यात कुडपण लाल. कापड्यापेक्षा जास्त वेळा.

२३ मे

सरांना सांगितलं. जुना आणि नवा, दोन्ही आकडे वाचून दाखवायला लावले. मग — "अहवाल गेलाय अम्बरीन. तहसीलदार साहेबांनी वाचलाय. आता बदलला तर आपल्यावर कोण विश्वास ठेवेल?"

"आणि नाही बदलला तर वाडीचं काय?"

"गेल्या वर्षी लाल झाली असती म्हणतेस. झालं का काही? नाही ना! सभा होऊ दे, मग शांतपणे बघू."

शांतपणे! पाऊस काय यांच्या सभेसाठी थांबणार आहे? हे मी त्यांना सुनावलंच. मग म्हणाले, "कराराचं सप्टेंबरमध्ये बघायचंय, लक्षात ठेव." ठेवलं लक्षात.

घरी आले तर अब्बा जिन्यात. भिंतीवर दोन हजार एकवीसच्या पुराच्या पाण्याची रेघ अजून तशीच आहे, त्यांनी त्यावर रंग मारू दिला नाही. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चूक तुझी हाय ना? मग सांगणार पन तूच." आणि जेवायला बसले. एवढंच. जरा समजूत घालतील असं वाटलं होतं.

३० मे

बोलले! सरांचं संपलं आणि मी उठून उभी राहिले.  म्हटलं, कुडपणचा आकडा चुकीचा आहे, चूक माझी आहे, हा बरोबरचा.

साहेब — "म्हणजे गेल्या आठवड्यात वाडी सुरक्षित होती आणि आज धोक्यात आली?"

"वाडी तेव्हाही धोक्यात होती साहेब. माझा प्रोग्राम चुकला होता."

मागून कोणीतरी हसलं. सर खाली मान घालून बसले होते. भोंगा कापड्यालाच राहिला — तो खांब उभा करून झालाय. पण वाडी यादीत परत आली. भोंग्याऐवजी मी कुडपणच्या पोलीस पाटलांना फोन करायचा. चांगू पाटील. वर गावात राहतात, त्यांच्या ओट्यावर रेंज असते. मिशीवाला तिरसट माणूस. "फोन करा, पन उगा करू नका," एवढंच बोलला.

सर मला न सांगताच पुण्याला निघून गेले.

१८ जून

मेले मी.

सकाळी काकांचे दोन मेसेज, आजच्या तारखेचे. १८५, १८५. प्रोग्रामने बेरीज केली, आधीच्या दोन दिवसांची भर पडली, कुडपण लाल! चांगू पाटलांना फोन. त्यांनी पळापळ करून वाडी हलवली. म्हातारी माणसं, शेरडं, लहान पोरं, सगळं शाळेत. आणि दुपारी? चक्क ऊन पडलं!

एकच मेसेज होता. रेंजने दोनदा पाठवला. जुन्या फाइलीतले असले तेच ते मी हाताने काढले होते, प्रोग्रामला सांगायचं राहिलं!

चांगू पाटलांचा फोन — "लोकांनी माझ्या आयशीबापाचा उद्धार केला. परत मला फोन करताना इचार करा बाई."

बनुबाई त्यांच्याच फोनवर आल्या. "अगो नांगर शेतात टाकून पळालो! म्हातारीला पाठीवर घेऊन गेले हे. उगा पळवलंस ना आमाला?" चुकलं म्हटलं. परत परत म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला.

१९ जून

सर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "आधी सगळं उडवत होतीस, आता सगळं जोडतेस. मधलं काही आहे का नाही?" म्हणाले. बरोबरच बोलले.

नियम ठरला. तारीख तीच आणि आकडाही तोच, तर एक उडवायचा. आकडा वेगळा, तर जोडायचा. माझ्या हाताने लिहिला प्रोग्राममध्ये. काकांनाही विनवलं — बाटली ओतून परत लावली असेल तर मेसेजमध्ये ‘दुसरी’ लिहा. "लिवतो गो," म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता.

२४ जून

काकांचा मेसेज — ‘पयली ४०’. एकच बाटली, तीही अर्धीसुद्धा नाही, तरी ‘पयली’ लिहिलंय! हसू आलं. रागावलेले नाहीत बहुतेक.

३ जुलै

‘पयली १९०. दुसरी ६०.’ जोडलं. लाल नाही, पण बरोबर जोडलं गेलं! प्रोग्राम नीट चालतोय. आज पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

१३ जुलै

कालचा १७०, आजचा ११०. दोन दिवसांत दोनशे ऐंशी. इथे पोलादपुरातही धो धो. सकाळी एसटी उशिरा आली, ड्रायव्हर म्हणाला उद्याचं काही खरं नाही. उद्या काय येतंय कुडपणहून याच्याकडे लक्ष लागलंय.

१४ जुलै

सगळं लिहून ठेवते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी आकडा नाही. दहा वाजले, नाही. मग एकदम टिंग टिंग. काकांचे दोन मेसेज, एकाच मिनिटाला. ‘१४ तारीख २००’. ‘१४ तारीख २००’.

‘पयली’ नाही. ‘दुसरी’ नाही. काही नाही!

प्रोग्रामने माझा नियम पाळला. एक उडवला. कुडपण चारशे ऐंशी — पिवळं, म्हणजे नुसतं सावध राहा. पाचशेला फक्त वीस कमी. आणि दोन्ही जोडले तर सहाशे ऐंशी!

काकांना फोन — बंद. परत, बंद. रेंज नसताना अडकलेले मेसेज एकदम सुटले असतील, म्हणजे वेळेवरूनही काही कळत नाही. एकच आकडा दोनदा आला की दोन आकडे एकदम आले? गेल्या खेपेला हेच झालं होतं. हुबेहूब हेच! आणि ऊन पडलं होतं.

सर फोनवर — "नियम आपणच केलाय ना? आज परत खोटं निघालं तर पुढे लाल म्हटल्यावर कोणी जागचं हलणार नाही, हे कळतंय का तुला?"

कळत होतं. तेच तर कळत होतं. मी ‘हो सर’ म्हटलंसुद्धा. आणि फोन कानाला तसाच असताना ती बाटली आठवली, अंगणातली. खुणा दोनशेपर्यंत. त्याच्या वर खूणच नाही!

एकशे पंच्याऐंशी दोनदा आला तर तो रेंजचा घोळ. कुठलीही बाटली नेमकी एकशे पंच्याऐंशीलाच दोनदा कशी थांबेल? पण काठोकाठ भरलेली बाटली दर वेळी दोनशेच सांगणार! कितीही पडो, तिला दुसरं काही सांगताच येत नाही. मी नियम केला की तोच आकडा आला तर उडव — आणि बाटली दोनदा भरली की तोच आकडा येतो. परत तेच केलं मी! परत नेमका सगळ्यात मोठा पाऊस पुसायची सोय करून ठेवली.

सरांना हे सांगितलं. भराभर, अर्धं रडत. त्यांनी बाटलीवरच्या खुणा परत विचारून घेतल्या. मग, "शक्य आहे. पण खात्री नाही."

"खात्री नाहीच सर."

"तू फोन केलास तर जबाबदारी तुझी."

केला. चांगू पाटलांनी पहिल्या रिंगला उचलला. मागे पावसाचा आवाज एवढा की ओरडूनच बोलावं लागलं.

"वाडी हलवा पाटील."

"नक्की हाय?"

"नक्की नाय! बाटली दोनदा भरली असंल तर लाल हाय. काकांचा फोन लागत नाय."

"म्हंजी परत तसंच. आन मी परत शिव्या खायच्या."

"माझं नाव सांगा. माझा नंबर द्या सगळ्यांना, मला घालू देत शिव्या!"

"त्यो तर देतोच," म्हणाले.  मग, "इकडं लई पडतोय बाई. जातो."

फोन कटला. स्क्रीनवर कुडपण अजून पिवळंच आहे. मला भीती वाटतेय. खोटं निघालं तर माझं यापुढे कोणी ऐकणार नाही, आणि खरं निघालं तर — खरं निघू नये. चुकीचीच ठरू दे मला. लाख शिव्या खाईन. या अल्लाह, ऊन पाड!

१५ जुलै

कुणाचाच फोन लागत नाही. पाटलांचाही नाही. अब्बा म्हणाले रस्ता बंद आहे, घाटातही झाडं पडलीत. सरांचे सारखे फोन — "काही कळलं?" नाही कळलं.

आजच्या तारखेचा आकडा नाही.

१६ जुलै

महिपतीकाकांचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलाय. मागे पोरांचा कालवा.

"पोरी, आकडा नाय आज. बाटली गेली. घरं गेली. डोंगर काल पहाटं खाली आला, वाडी नाय ऱ्हायली. मानसं हायत. समदी हायत, शाळंत. पाटलानं शिव्या घालत घालत नेलं. त्या दिशी ‘दुसरी’ लिवायचं ऱ्हायलं गो, हात भिजल्याले."

मेसेज दोनदा आलाय. एकही पुसणार नाही.